भासऱ्यांचा दुपारचा इचार

जिवंत माणसाच्या उशाशी बसून मी एकदा तो मेल्याचं रडले आहे. तोंडाला पदर लावून मुसमुसले असते तर निभावलं असतं. मी चांगला गळा काढला, छाती पिटली, अख्खी आळी गोळा केली. लग्नाला वर्ष व्हायचं होतं, मॅट्रिक पास झाल्याचा गर्व अंगात होता, आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की खात्री होती. त्या खात्रीचंच ते रडणं.

प्रेत माझ्या भासऱ्यांचं होतं. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्या वऱ्हाडात तेव्हा धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, त्यांच्या अंगाला बोट लावायचं नाही, असा कायदा होता. संग्रामपूरजवळच्या आमच्या गावात तर तो जास्तच कडक. महाराष्ट्र राज्य होऊन दहाएक वर्षं झाली होती, पण ते राज्य अजून आमच्या माजघरापर्यंत आलं नव्हतं.

त्या दुपारी भासरे, म्हणजे गुलाबराव, ढाळजेत बाजेवर उताणे पडून घोरत होते. ढाळज म्हणजे दारातली बैठकीची जागा. मी पाण्याची कळशी घेऊन तिथून चालले होते आणि त्यांचं घोरणं एकाएकी तुटलं. मी पाहिलं. तोंड उघडं, ओठ जांभळे, पोट आत ओढलं जातंय, पण वारा आतही नाही आणि बाहेरही नाही. मी त्याला आचके समजले. मग पोटही थांबलं.

कोणीही शहाण्या बाईनं त्यांना गदागदा हलवलं असतं. मला हात लावायची बंदी. नावानं हाक मारायची बंदी. नुसतं ‘अहो’ म्हणायचीही बंदी. भासऱ्यांसाठी मोठ्यानं तोंड उघडायची मोकळीक मला एकाच प्रसंगी होती, ते मेल्यावर. म्हणून मी सरळ तिथूनच सुरुवात केली.

रडताना गुण गायचे असतात. मी गायले. देवासारखे भासरे, बापाच्या जागी, गरिबाचे वाली, असं जे आठवेल ते. बायका आल्या, त्यांनी सूर धरला. शेजारचा एकजण बांबू पाहायला गेला. दुसरा सायकलवर टांग टाकून त्यांच्या मुलीला तार करायला सुटला. एवढ्यात मागच्या दारानं माझ्या जाऊबाई आल्या. सुभद्राबाई, गुलाबरावांची बायको. हाताला भाकरीचं पीठ. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि कोपर वाकवून त्यांच्या बरगडीत असं काही हाणलं, की पाण्यातून म्हैस वर यावी तसा फुत्कार टाकून प्रेत उठून बसलं.

भोवती रडणाऱ्या बायका पाहून गुलाबराव म्हणाले, “कोन मेलं बे?”

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. त्यांनी त्या नजरांचा अर्थ लावला, पागोटं चाचपलं आणि म्हणाले, “झोपलो नव्हतो मी. इचार करून राह्यलो होतो.”

दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी सासरहून रडत रडत आली. बापाला वरण-पोळी खाताना पाहून तिचं रडणं रागात बदललं आणि तो राग माझ्या पदरात पडला. गावात माझं नाव पडलं रडूबाई. ते नाव ठेवणारे भासरेच.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायची आपल्याकडे रीत आहे. गुलाबराव पुढे खरोखरच गेले, पण त्यांच्याबद्दल जे काही चांगलं बोलण्यासारखं होतं ते मी त्या दुपारी बोलून बसले. आता उरलेलं लिहिते.

माणूस अंगानं दांडगा. मान जवळजवळ नव्हतीच, डोकं थेट खांद्यांवर ठेवून दिल्यासारखं. हनुवटी आत दबलेली, तिच्याखाली दुसरी, दुसरीखाली तिसरी. सकाळी कपाळाला फडकं आवळून बांधूनच बाहेर यायचे. डोकं ठणकत असायचं, आणि ते ठणकणं उतरेपर्यंत समोर येईल त्याचा उद्धार. मग न्याहारीला भाकरीवर तुपाची धार. भाजीपाल्याची बागायत होती, वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर. हाताखाली माणसं होती. आणि त्या सगळ्यांना शिव्या देणं हे काम ते कोणावर सोपवत नसत.

माझ्याशी त्यांनाही बोलायची बंदी होती. पण पुरुषाला बंदीतून वाट काढता येते. ते भिंतीशी बोलत. मी आत चुलीपाशी, ते बाहेर, मधे भिंत. “भिंती, सांग व रडूबाईले, भाजीत मीठ नाई.” “भिंती, इचार तिले, हे वरन हाय का भांडे धुतल्याचं पानी.” “आज काई मी मेलो नाई, भिंती, दोन भाकरी जास्त टाक म्हना.” मी ओठ घट्ट मिटून भाकरी थापायची. तव्यावर टाकलेल्या प्रत्येक भाकरीत मला त्यांचा गाल दिसायचा, हे इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही.

गावात मुलींची शाळा निघाली तेव्हा मास्तरणीची जागा होती. मॅट्रिक झालेली बाई पंचक्रोशीत मी एकटी. शाळेची माणसं घरी विचारायला आली. माझे यजमान भावापुढे तोंड न उघडणारे. गुलाबरावांनी पाहुण्यांना पान दिलं, मग भिंतीकडे वळून म्हणाले, “भिंती, आपल्या घरच्या बाया लोकायच्या पोरीयचा शेंबूड पुसाले जात नाईत, नाई का?” भिंत काय बोलणार. जागा नांदुऱ्याकडच्या एका बाईला मिळाली. मी तिच्या वर्गावरून जाताना मान खाली घालून जायची आणि मनात त्यांचं श्राद्ध घालायची.

या माणसाला झोप कुठेही यायची. नुसती यायची नाही, झडप घालायची. गड्याला शिवी देता देता डोळे मिटायचे. गडी तेवढ्यात सटकायचा. जाग आल्यावर उरलेली शिवी समोर जो असेल त्याला मिळायची. एकदा दोन भावांचा धुऱ्याचा तंटा होता. धुरा म्हणजे वावराचा बांध. गुलाबराव पंच. एक भाऊ तावातावानं सांगत होता की बांध माझ्याकडे सरकवला, दुसरा म्हणत होता असा सरकवलाच नाही. पंच घोरू लागले. घोरता घोरता श्वास अडकला, दचकून जागे झाले आणि जोरात म्हणाले, “मंजूर.” काय मंजूर ते कोणालाच कळेना. दोघंही भाऊ आपल्याच बाजूनं निकाल लागला असं समजून उठले आणि बाहेर जाऊन पुन्हा मारामारी केली. कोणी म्हटलं, गुलाबराव, तुम्ही झोपले होते. तर उत्तर ठरलेलं. “झोपलो नव्हतो बे. इचार करून राह्यलो होतो.”

बैलगाडीत ते बसल्याबरोबर झोपायचे. बैल शहाणे. संग्रामपूरच्या बाजारात नेऊन उभे करायचे आणि परत घरी आणायचे. एकदा माल उतरवायचाच राहिला आणि वांग्यांसकट झोपलेले मालक दारात आले, एवढीच काय ती चूक. पण मग त्यांनी फटफटी घेतली. बैलांना घर माहीत होतं, फटफटीला नव्हतं. नांदुऱ्याच्या सडकेवर सरळ रस्ता सोडून ती बाभळीत शिरली. गुलाबरावांच्या गळ्याचं हाड मोडलं. ते म्हणाले, बैल आडवा आला. त्या बाभळीत बैल कुठून येणार, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

तालुक्याच्या एका डॉक्टरनं ही दिवसाची झोप ऐकून निदान केलं की रात्री नीट झोप होत नाही, आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. निदान बरोबर, गोळ्या चूक. पहिल्याच गोळीनंतर जाऊबाईंना सकाळपर्यंत कोपर चालवावं लागलं, असं मला मागाहून कळलं. त्यांनी त्या पुड्या चुलीत टाकल्या. नवऱ्याला सांगितलं, उंदरांनी नेल्या.

आता बायकांची बाजू सांगते. गुलाबरावांची दुपारची झोप हे आमचं राज्य होतं. ढाळजेतून घोरणं सुरू झालं की माजघरात चहाचं आधण चढायचं. एरवी बायकांना दुपारचा चहा नव्हता. तो गुलाबरावांच्या मते पुरुषांचा खर्च. मी माहेरून आणलेली मासिकं काढायची, जाऊबाई पाय लांब करून सुपारी कातरायच्या, शेजारणी मागच्या दारानं यायच्या, सोंगट्यांचा डाव पडायचा. घोरणं चालू म्हणजे सडक मोकळी. घोरणं थांबलं की सगळ्या जागच्या जागी थिजायच्या, कपबशी हातात तशीच. जरा वेळानं घुर्रर्र करून घोरणं पुन्हा लागलं की चहाचा घोट खाली उतरायचा. असं एका दुपारी कितीदा तरी. मला वाटायचं हा म्हातारा लबाड आहे. घोरणं मधेच बंद करून आमचा कानोसा घेतो. त्यांचा श्वासच तेवढा वेळ बंद असतो, हे मला सुचलं नाही. ज्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं त्या दिवशी मी काय केलं ते वर सांगितलंच आहे. मॅट्रिकला शरीरशास्त्र होतं मला. चांगले गुण होते.

त्या दिवाळीच्या तोंडावर माझा भाऊ मधू मला माहेरी न्यायला आला. मधू नागपूरला डॉक्टरी शिकत होता, कान-नाक-घशाच्या मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली. सुनेच्या भावाला त्या घरात किती मान, तर ढाळजेतल्या बाजेच्या कोपऱ्याएवढा. तो तिथे अंग चोरून बसला. गुलाबराव त्याला वांग्यांचं शास्त्र शिकवत होते. मी आणि जाऊबाई दाराआड.

“वांग्याचं कसं असते, पाय, जवालोक त्याले फूल लागत नाई...” एवढं बोलून गुलाबराव झोपले. हातात अडकित्ता तसाच. मधूनं तो हळूच काढून बाजूला ठेवला आणि त्यांच्या पोटाकडे टक लावून बसला. घोरणं, मग शांतता, मग फुत्कार. पुन्हा घोरणं, पुन्हा शांतता.

“...तवालोक पानी तोडाचं नाई,” डोळे उघडून गुलाबरावांनी वाक्य पुरं केलं.

मधू म्हणाला, “दादासाहेब, तुम्ही आत्ता झोपला होता.”

“कोन, मी? इचार करून राह्यलो होतो.”

“तुमचा श्वास बंद पडत होता.”

“बंद पडला असता तं मेलो असतो ना बे. तुह्या बहिणीसारखाच हायेस तू. ते बी मले मारूनच बसली होती.”

मधूनं दाराकडे तोंड केलं. “वहिनी, रात्री झोपेतही असंच होतं का यांना?”

जाऊबाईंच्या नुसत्या बांगड्या वाजल्या. नवऱ्याच्या झोपेतलं चारचौघांत कोणती बाई सांगेल? मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, ती मी रोज पाहत होते आणि कधी पाहिली नव्हती.

मग मी बोलले. कोणाच्या काळजीनं बोलले असं समजू नका. गुलाबराव मेले असते तर मी दुसऱ्यांदा रडले नसते. पण रडूबाई म्हणून गावभर माझी थट्टा झाली होती, आणि त्या दिवशी श्वास खरंच बंद होता, मी खोटी नव्हते, हे मला भर ढाळजेत सिद्ध करायचं होतं. मी पदर ओढून दारात आले आणि भासऱ्यांसमोर, जन्मात पहिल्यांदा, मोठ्यानं म्हणाले, “होते. रोज होते. दुपारी बी होते.”

“तुला कसं माहीत?” मधू म्हणाला.

“आम्ही चहा पितो ना तेव्हा. घोरणं थांबलं की आम्ही कप खाली...”

जाऊबाईंनी मागून असा चिमटा घेतला की पुढचं वाक्य घशातच राहिलं. पण जायचं ते गेलं होतं.

गुलाबराव भिंतीकडे वळले. “भिंती, आयकलं काय? माह्या घरात रोज दुपारी चहा होते म्हने. साखर कोनाची?”

मधू मात्र चहावर थांबला नाही. त्यानं त्यांना समजेल असं सांगितलं. विहिरीवरच्या इंजिनाला रबरी पाइप असतो, तो मऊ पडला की पाणी ओढताना चपटा होतो. इंजिन धडधडतं, पाणी येत नाही. तसा तुमचा घसा. झोपेत तिथलं मांस सैल पडतं, जीभ मागे सरकते, वाट मिटते. छाती ओढते, हवा येत नाही. रक्त काळवंडतं, तेव्हा मेंदू घाबरून हलवतो, फुत्कार येतो, वाट उघडते. आणि झोप लागली की पुन्हा तेच. रात्रभर तुम्ही झोपतच नाही, नुसते बुडता आणि वर येता. म्हणून सकाळी डोकं दुखतं, दिवसा झोप झडप घालते, रक्तदाब चढतो, पायावर सूज येते. हृदय किती दिवस हे सोसणार?

“मंग पाइप बदलून टाक,” गुलाबराव म्हणाले.

पाइप बदलता येत नव्हता. आधी साधे उपाय झाले. वजन उतरवा. जाऊबाईंनी तूप बंद केलं. ते संग्रामपूरला जाऊन हॉटेलात भजी खाऊ लागले. उताणं झोपू नका, कुशीवर झोपा. त्यासाठी बंडीच्या पाठीला खिसा शिवून त्यात काहीतरी टणक भरायचं, म्हणजे उताणं होताच टोचेल. ते शिवायचं काम मी आनंदानं घेतलं आणि घरातल्या सगळ्यात कडक सुपाऱ्या निवडून भरल्या. दुसऱ्या दिवशी गुलाबरावांनी पाठीतून सुपाऱ्या काढल्या, अडकित्त्यानं कातरल्या आणि पानात घालून खाल्ल्या.

मग मधूनं नागपूरच्या डॉक्टरांचा निरोप आणला. बाहेरच्या देशातल्या पुस्तकात त्यांनी वाचलं होतं. घसा जिथे मिटतो त्याच्या खाली, गळ्याला बाहेरून छिद्र पाडायचं आणि धातूची नळी बसवायची. दिवसा तिला बूच, म्हणजे बोलता येतं. रात्री बूच काढायचं, म्हणजे घसा मिटला तरी हवा खालून जाते. तेव्हा दुखणं एवढं जडलेल्या माणसाला खात्रीचा उपाय तोच होता.

“गयाले भोक पाडून घ्याले मी काय बासरी हाओ का बे?” गुलाबराव म्हणाले, आणि तो विषय मिटला.

तेव्हा जाऊबाई बोलल्या. भिंतीशी नाही, दाराआडूनही नाही. ढाळजेत येऊन उभ्या राहिल्या. “ठीक हाय. आजपासून मी माजघरात झोपतो, इंदूजवळ.”

“काऊन?”

“मले झोपाचं हाय.”

गुलाबराव हसले. इंदू म्हणजे मी. मी तर आनंदात सतरंजी टाकली. त्या सतरंजीवर पडता क्षणी जाऊबाईंना अशी झोप लागली की सकाळी दूधवाला ओरडून गेला तरी त्या हलल्या नाहीत. त्या माउलीचं कोपर इतकी वर्षं रात्रभर पहाऱ्यावर होतं, हे मला तेव्हा कुठे नीट उमगलं. नवऱ्याचं घोरणं थांबलं की कोपर. पुन्हा थांबलं की पुन्हा कोपर. लेकरं झाली, बाळंतपणं झाली, कोपराला सुट्टी नाही.

चार-पाच सकाळी गेल्या. गुलाबरावांचं तोंड राखेसारखं झालं. कपाळाच्या फडक्यावर दुसरं फडकं चढलं. शिव्यांतला जोर गेला. एका सकाळी ते माजघराच्या उंबऱ्याशी आले. बायको समोर भाकरी करत होती, तरी बोलले भिंतीशीच. “भिंती, नांदुऱ्याहून नागपूरची गाडी कवा हाय, इचार.”

नागपूरला भरती झाले. आधी डॉक्टरांनी त्यांना दुपारी वॉर्डात झोपवून पोरगेल्या डॉक्टरांना भोवती उभं केलं आणि श्वास अडकतो कसा ते दाखवलं. जागे झाल्यावर गुलाबराव काय म्हणाले असतील ते मधूला सांगावं लागलं नाही, मला पाठच होतं. मग नळी बसली.

आज हे ऐकून सुना घाबरतात. आज असं गळ्याला छिद्र फार क्वचित, दुसरा काहीच मार्ग नसला तरच पाडतात. हेच दुखणं म्हातारपणी माझ्याही घशात राहायला आलं, म्हणून मला ठाऊक. आमच्या काळात बाईनं घोरायचंच नव्हतं, त्यामुळे माझं घोरणं बरीच वर्षं कोणी ऐकलंच नाही. शेवटी सुनेनं ते मोबाइलात भरून मला ऐकवलं. मी म्हटलं, हे कोणतं जनावर? मग अंगाला वायरी लावून एक रात्र निजवलं, श्वास कितीदा अडकतो ते यंत्रानं मोजलं. आता नाकावर मुखवटा आणि त्याला सोंड. यंत्र हवेचा हलका दाब देत राहतं, घशाची वाट मिटत नाही. पहिले आठ दिवस मी तो मुखवटा भिरकावून दिला, नंतर बरोबर माप मिळालं आणि आता त्याच्याशिवाय दुपारची डुलकीही घेत नाही. दुखणं हलकं असेल तर दाताचे डॉक्टर खालचा जबडा पुढे धरणारी पट्टी करून देतात. कोणाचे टॉन्सिल काढतात, कोणाचं वाकडं नाक सरळ करतात. वजन उतरवायला सगळ्यांनाच सांगतात, दारू आणि झोपेच्या गोळ्यांना सगळ्यांनाच नाही म्हणतात. आणि डुलकी येते तोवर गाडी चालवू नका म्हणतात. घोरणारा प्रत्येकजण आजारी नसतो, आणि सडपातळ माणूस यातून सुटला असंही नसतं. पण घोरता घोरता श्वास थांबत असेल तर माझ्यासारखं रडत बसू नका, डॉक्टरकडे न्या.

तर, गुलाबराव परत आले. गळ्याभोवती उपरणं, उपरण्याखाली नळी. तुम्हाला वाटेल, झोप मिळाली, आता माणूस निवला असेल, भावजयीला भिंतीऐवजी तोंडानं धन्यवाद दिले असतील. मलाही क्षणभर तसं वाटलं होतं, मूर्ख होतेच. झालं असं, की आधी ते डुलक्यांच्या मधल्या वेळात जुलूम करत. आता पूर्णवेळ करू लागले.

कपाळाचं फडकं सुटलं. पायाची सूज उतरली. नजर चाकूसारखी झाली. गड्याला शिवी आता एका दमात पुरी मिळू लागली. भाकरी किती झाल्या, दूध किती आलं, शेजारीण मागच्या दारानं काऊन आली, सगळं त्यांना कळायचं. बूच ढिलं असलं की अर्धी शिवी गळ्यातल्या छिद्रातून फुस्स निघून जायची, तेवढंच आम्हाला सुख. धुऱ्याचा तंटा त्यांनी पुन्हा काढला, शेवटपर्यंत जागे राहून ऐकला आणि दोघाही भावांना दोषी ठरवलं. शाळेच्या मास्तरणीची जागा पुन्हा रिकामी झाली, तेव्हा शाळेची माणसं दारात येण्याआधीच त्यांनी सडकेवरूनच परत पाठवली. पूर्वी निदान दारात तरी येऊ शकत होती.

दुपार तर गेलीच. ढाळजेत बाजेवर ते टक्क जागे बसायचे, उपरण्यावर बोट ठेवून, कान माजघराकडे. मासिकं पेटीच्या तळाशी गेली. शेजारणींनी आमचं मागचं दार सोडलं. सोंगट्या पोरांनी नेल्या. घरात चहा व्हायचा तो एकच, आणि तो त्यांचा.

त्यांचं माझ्या डोळ्यांसमोर राहिलेलं रूप तेच. त्यानंतरही ते बरीच वर्षं जगले, माझं डोकं पिकवायला पुरतील एवढी. पण मला ते दिसतात अशाच एका दुपारी. बाहेर ऊन रणरणतंय, गाव सामसूम, कुत्रीसुद्धा सावलीत पडलेली, आणि सगळ्या गावात एकटे गुलाबराव जागे. ताठ. डोळे लख्ख. ओठ चांगले लाल. एका बोटानं बूच दाबून त्यांनी आत आवाज दिला. “भिंती, चहा कुठी अडकला म्हना.”

मी चुलीपुढे. चहा गाळत होते आणि मनातल्या मनात मधूच्या सगळ्या पुस्तकांना काडी लावत होते. जाऊबाई माजघरात सतरंजी झटकत होत्या. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती. मी कप भरून त्यांच्यापुढे धरला, रोज नेऊन द्यायचं काम त्यांचंच. त्यांनी कपाकडे पाहिलं, घेतला नाही. सतरंजी भिंतीशी नीट अंथरली, उशाला पाट घेतला आणि माझ्याकडे पाठ करून आडव्या झाल्या.

बाहेरून पुन्हा आवाज आला. मी म्हटलं, “जाऊबाई, ते हाका मारून राह्यले.”

त्यांनी डोळेही उघडले नाहीत. म्हणाल्या, “तुह्याच भावानं जागं केलं त्याले. आता काय पायजे ते तूच पाय. मी लय वरीस जागली व, इंदे. आता झोपतो.”